चिमणीची गोष्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कादंबरी वाचून झाली की लोक जे विचारतात ते फिरून फिरून तेच असतं, म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवते. प्रश्न शक्यतो तुमच्याच शब्दांत आहेत. दोन ठिकाणी रागाचे शब्द तेवढे गाळले. प्रश्न ११ पासून पुढे शेवट फुटतो. पुस्तक अर्ध्यावर असेल तर तिथे थांबा.

१. गोष्ट कशाबद्दल आहे? घरच्यांना सांगायला दोन-चार ओळी हव्यात.

सोलापुरात एका बंद गिरणीच्या चिमणीखाली, नव्या कोऱ्या चादरीत गुंडाळलेली तान्ही मुलगी सापडते. रात्रपाळी करून घरी चाललेला एक जॉबर (मागांवर देखरेख करणारा कामगार) तिला उचलतो. पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत ती वाढते. तिथे विड्या वळणारी नरसक्का आहे, जॉबर चाचा आहे, गिरणी बंद पडल्यावर बार्शीकडे परत न गेलेले तात्या आहेत आणि नंतर चहाच्या टपरीवरून येऊन राहिलेला बसू आहे. चौघांचं एकमेकांशी रक्ताचं नातं नाही. 2008 च्या उन्हाळ्यात, चिमणी चौदा वर्षांची असताना, मागावरच्या चादरीतून तिला उलट्या बाजूचं सोलापूर दिसतं. पुढचं पुस्तकात.

चाचाचं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. का, ते प्रश्न १३ मध्ये.

२. 'चिमणी' हे काय नाव झालं? आणि कोणती चिमणी?

गिरणीची, पाखराची आणि रॉकेलची, तिन्ही. सोलापुरात गिरणीच्या धुराड्याला चिमणीच म्हणतात. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव वेगळं आहे, पण ते पुस्तकात एकदाच येतं. शोधा.

३. कोणत्या वयाच्या मुलांना द्यावं?

बारा वर्षांच्या पुढे. सातव्या प्रकरणात अंधाऱ्या कारखान्यात माग आपोआप चालू होतात तो भाग काही मुलांना रात्री नको वाटतो, दिवसा वाचा. मोठ्यांनी वाचलं तर काही बिघडत नाही. मला सर्वांत लांब पत्रं साठीच्या पुढच्या, गिरणीत नोकरी केलेल्या माणसांकडून येतात आणि ते जादूबद्दल चकार शब्द काढत नाहीत, मागाच्या चुका तेवढ्या दाखवतात.

४. यातलं सोलापूर किती खरं?

रस्ते, ऊन, पाणी किती दिवसांनी येतं याची नळावरची चर्चा, हुतात्मा एक्सप्रेस पकडायची पहाटेची धावपळ, सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ल्याची भिंत हे सगळं आहे तसंच. चार हुतात्मा पुतळ्यांच्या चौकात तात्या बसूला चार नावं पाठ करायला लावतात तोही भाग इतिहासातलाच : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. बसू विचारतो, "हे चौघं एकाच घरचे होते काय?" तात्या त्याला उत्तर देत नाहीत. उत्तर मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.

गिरणी मात्र काल्पनिक आहे. सोलापुरातली पहिली कापड गिरणी 1877 ची, लोक तिला जुनी मिलच म्हणतात. पण माझी गिरणी ती नव्हे, दुसरीही कुठली नव्हे. तुमच्या वडिलांच्या गिरणीसारखी वाटली तर तो योगायोग मला आवडेल.

५. "काय करूलालीस बे?" या छपाईच्या चुका आहेत का? पुण्याच्या आमच्या वाचनगटाला पहिली वीस पानं अडखळायला झालं.

चुका नाहीत. आम्ही असंच बोलतो. 'करतेयस' ला 'करूलालीस', 'जातोय' ला 'जाऊलालो', 'येतोय' ला 'येऊलालाय'. एकदा कानात बसलं की पुढे सोपं जातं. 'बे' मध्ये अपमान नाही, जवळीक आहे. मात्र अनोळखी माणसाला वापरून बघू नका.

मुद्रितं तपासणाऱ्यांनी पहिल्या खेपेला सगळे 'येऊलालाय' खोडून 'येऊ लागला आहे' केले होते. त्या प्रतीत बसू एखाद्या वृत्तनिवेदकासारखा बोलत होता. सगळं परत जागेवर आणायला माझे दोन आठवडे गेले.

६. सोलापुरी चादरीला खरंच उलटी बाजू असते का, की ती तुमची कल्पना?

घरात असेल तर आत्ता उलटून बघा. जेकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) विणलेल्या चादरीत दोन रंगांचे थर एकमेकांत गुंतलेले असतात. वर लाल फूल पांढऱ्यावर असेल, तर खाली तेच फूल, त्याच जागी, पांढरं असतं आणि भोवती लाल. वरचा धागा जिथे खाली जातो तिथे खालचा वर येतो. म्हणून तिला खरं तर उलटी बाजू नसतेच, दोन्ही सुलट्या.

लहानपणी मी गच्चीवर तोंडावर चादर ओढून पडायचे आणि मला वाटायचं, या फुलाच्या पलीकडे कुणीतरी असंच पडलंय आणि त्याला माझं फूल उलटं दिसतंय. पुस्तकातली जादू एवढीच आहे, बाकी सगळं नंतर जुळवलं.

७. पलीकडे जायचे नियम एकदा नीट सांगा. आमच्या घरात यावरून भांडणं झाली आहेत.

एक, चादर मागावर चढलेली हवी; कापून, घडी घालून कपाटात गेलेली चालत नाही. दोन, ताण्यातला (उभ्या धाग्यांतला) धागा तुटलेला हवा आणि तो सांधायच्या आत लाइट जायला हवी, म्हणजे आडवा धागा नेणारा धोटा मध्येच अडकून राहतो आणि वाट उघडी राहते. तीन, जाणाऱ्याचं नाव इकडे उरत नाही. माणूस आठवतं, नाव आठवत नाही; पुढे पुढे माणूसही पुसट होतं.

परत येण्याचा नियम एकच. पलीकडच्या वेशीवर माळढोक उभा असतो (प्रश्न १०) आणि तो विचारतो, "कुणाचा रे तू?" किंवा "कुणाची गं तू?" कुणाचंही नाव सांगा, खोटं सांगितलं तरी त्याला चालतं. फक्त ज्याचं सांगाल ते माणूस त्या क्षणी जागं आणि तुमची वाट बघत असलं पाहिजे. नसेल, तर वाट उघडत नाही.

नववं प्रकरण या नियमावर उभं आहे. आपण कुण्या गिरणीमालकाची मुलगी असू, नाहीतर एवढ्या भारी चादरीत कोण गुंडाळेल, असं चिमणीच्या डोक्यात बसलेलं असतं. ती ऐटीत मालकाचं आडनाव सांगते. माळढोक बराच वेळ ऐकत राहतो आणि मग म्हणतो, "तिकडे सगळे झोपलेत."

८. कारखान्यात इन्व्हर्टर असता तर?

हा प्रश्न नेहमी सातवी-आठवीतला मुलगा विचारतो आणि विचारून झाल्यावर मित्रांकडे बघतो. इन्व्हर्टरवर बल्ब लागतात, मागाची मोटर चालत नाही. नियम अंधाराचा नाही, माग थांबण्याचा आहे. कारखान्याशेजारी वाढलेल्यांना ते लगेच कळतं : दिवसरात्र खटाखट, खटाखट, आणि लाइट गेली की अशी शांतता की झोपलेलं मूल दचकून उठतं. आम्ही आवाजाने कधी उठलो नाही, आवाज बंद झाला की उठायचो.

जनरेटर असता तर कादंबरी चार पानांत संपली असती, हे मान्य.

९. विडीचं आणि बालमजुरीचं कौतुक केलंय असं वाटलं. मुलांच्या पुस्तकात हे कशाला?

राग समजतो, कौतुक केलेलं मात्र मला सापडत नाही. नरसक्का तेंदूपानं भिजवते, फर्मा ठेवून कात्रीने कापते, तंबाखू भरून वळते, दोरा गुंडाळते, पंचवीस-पंचवीसच्या जुड्या करते. सूप मांडीवर, पाय आखडलेले. रात्री हजाराचा हिशोब बसत नाही आणि सकाळी कारखान्यात काही विड्या छाट म्हणून बाजूला पडतात, त्याचे पैसे नाहीत. तिला खोकला आहे, तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आहे. पूर्व भागातल्या हजारो घरांत हे असंच चालत आलंय, आणि ते गाळून त्या भागातल्या मुलीची गोष्ट लिहायची म्हणजे स्वयंपाकघर नसलेलं घर काढायचं.

चिमणी विडीला दोरा बांधायला बसते तेव्हा अक्का तिच्या हातातून सूप काढून घेते आणि गणिताची वही ठेवते. एवढं एकच दृश्य आहे. तो दोरा मात्र चिमणी विसरत नाही, म्हणून शेवटी तिला गाठ मारता येते.

१०. वेशीवर माळढोकच का? मोर चालला असता.

मोर स्वतःच सगळं बोलला असता. माळढोक सोलापूरचा. नान्नजला त्याच्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य झालं, आणि आता तो तिथे दिसणं म्हणजे नशीब. उंच, जड, माळावर चालणारा पक्षी. झाडावर बसत नाही, घरटं बांधत नाही, मोकळ्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. स्वतःला घरटं नाही असा पक्षी येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुणाचा तू" विचारतोय, हे डोक्यात आलं आणि मोराचा विचार संपला.

लहानपणी तुम्हालाही हा प्रश्न शंभरदा विचारला गेला असेल. दुकानात, लग्नात, रिक्षात. "कुणाची गं तू?" ज्याच्याकडे उत्तर असतं त्याला तो प्रश्न वाटतच नाही.

(इथून पुढे शेवट उघड होतो.)

११. चिमणीचे खरे आईबाप कोण? शेवटपर्यंत सांगितलंच नाही!

सर्वांत जास्त पत्रं या प्रश्नाची. रागाचे शब्द गाळले ते इथलेच.

सांगितलं नाही, कारण कुठल्याही उत्तराने पुस्तक बिघडत होतं. पहिल्या खर्ड्यात उत्तर होतं. आई सापडायची, रडारड व्हायची, चादरीची खूण पटायची. लिहून झालं आणि लक्षात आलं की नरसक्का, चाचा, तात्या हे तिघं आता तिची सोय करणारी माणसं झाली, धर्मशाळेसारखी. चौदा वर्षांची जागरणं एका खुणेपुढे फिकी पडली. मी ती 38 पानं फाडली नाहीत, पण ट्रंकेत खाली ठेवली आहेत.

'खरे' हा शब्दही जरा जपून वापरा. तापात कपाळावर पट्टी ठेवणारी अक्का खोटी होती का? जन्म देणारे म्हणा, मला चालेल.

१२. नावच विसरले होते, मग शेवटी तिला हाक कशी मारली?

घरात ताटं पाच मांडली जातात आणि पाचवं कुणाचं ते कुणालाच सांगता येत नाही, इथून तो भाग सुरू होतो. ताट मात्र कुणी उचलत नाही. नाव नाही म्हटल्यावर हाक मारता येत नाही. मग चौघं मागासमोर बसून राहतात आणि पहाटे, तुटक्या धाग्याच्या फटीत काहीतरी हललं तेव्हा, जो तो आपापल्या तोंडात येईल ते बोलतो. तात्या म्हणतात "ये". अक्का तेलुगूत "रा". बसू कन्नडात "बा". चाचा म्हणतो "आ".

हे मी रचलेलं नाही. चारही भाषांत बोलावण्याचा शब्द एका अक्षराचा आहे. एका दुपारी माझ्या गल्लीत एक रांगतं पोर उंबऱ्याशी आलं आणि चार दारांतून चार बायकांनी त्याला एकदम बोलावलं. पोर गोंधळून तिथेच बसलं. मी घरी येऊन शेवटचं प्रकरण लिहायला घेतलं.

चिमणीला ती चार अक्षरं एकच शब्द असल्यासारखी ऐकू येतात, आणि माळढोकाने विचारल्यावर ती तोच शब्द सांगते.

१३. चूक सापडली! चाचाही पलीकडे जाऊन आला, पण त्याला कुणीच विसरलं नाही. नियम तीनचं काय?

चूक नाही. पंधरावं प्रकरण संपल्यावर पुढे कुठेही चाचाचं नाव आहे का बघा. आधीच्या प्रकरणांत ते अकरा वेळा आहे, नंतर एकदाही नाही. नाव गेलंच. पण घरात, कारखान्यात, टपरीवर, सगळीकडे त्याला चाचाच म्हणायचे, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्याच्याही नाही. रेशनकार्डावरची ओळ पुसट झाल्याचं तात्या बघतात आणि पाण्याने भिजलं असेल म्हणतात.

हे ज्यांनी स्वतः ओळखलं त्यांची पत्रं मी जपून ठेवते. परत कसा आला, ते प्रश्न ७ प्रमाणेच : त्या रात्री अक्का हजार पुरे करायला जागीच होती.

१४. बसू शेवटी स्वतःच्या आईकडे परत गेला. म्हणजे रक्तच जिंकलं ना?

बसू अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून पळून आलेला. वेशीवर तो आईचं नाव सांगतो, ती जागी असते, आणि तो कारखान्यात न उगवता थेट तिच्या अंगणात उगवतो. अनेकांना ही फसवणूक वाटली. एका मुलीने लिहिलं, "मी पुस्तक भिंतीवर फेकलं."

पण ती आई दोन वर्षं रात्री दाराची कडी न लावता झोपत होती. तिला हरवायला माझ्याकडे कारण नव्हतं. सगळ्याच घरांतून पळून आलेली मुलं वाईट घरांतून येतात असं नाही. काही वेळा नुसती परीक्षा असते, किंवा बापाचा एक फटका आणि मुलाचा हट्ट. आणि संक्रांतीला तो पोत्यात ज्वारी घेऊन गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, येतो म्हणून तर त्या पहाटे 'बा' म्हणायला घरात कुणीतरी आहे. तो गेला नसता तर आला नसता.

१५. गड्ड्याच्या यात्रेतलं लग्न खरंच असं होतं? की तीही जादू?

तसंच होतं. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर हे सोलापूरचं ग्रामदैवत. एका कुंभारकन्येने त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावायला सांगितलं अशी कथा आहे. दर जानेवारीत संक्रांतीच्या दिवसांत ते लग्न पुन्हा लागतं. सात उंच नंदीध्वज निघतात, धरणारे पांढऱ्या बाराबंदीत. पहिल्या दिवशी गावातल्या 68 लिंगांना तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावर संमतीवाचन आणि अक्षता, मग होम आणि दारूकाम. नंदीध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांतल्या घराण्यांकडे आहेत.

लहानपणापासून मला एक गोष्ट खटकायची : झालेलं लग्न दरवर्षी परत का लावायचं? पुस्तकात हा प्रश्न चिमणी विचारते. अक्का म्हणते, "तुला रोज जेवायला वाढते ते का?"

मी फक्त एक सूट घेतली. अक्षतांच्या वेळी लाइट जाते ते माझ्या सोयीसाठी.

१६. असं मूल खरंच सापडलं तर घरी ठेवून घेता येतं का?

नाही. चाचाने केलं तसं करू नका. पहिल्या आवृत्तीत मी यावर काहीच लिहिलं नव्हतं. मुलांसाठी काम करणाऱ्या एका वाचकाने झापलं आणि ते बरोबर होतं. बाल न्याय कायदा, 2015 प्रमाणे असं मूल सापडल्याचं 24 तासांच्या आत कळवावं लागतं : 1098 या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर, पोलिसांत किंवा बालकल्याण समितीकडे. न कळवणं हा गुन्हा आहे. त्यानंतर मुलाच्या पालकांचा शोध घेतला जातो, मग समिती मूल दत्तक देण्यास मोकळं असल्याचं जाहीर करते, आणि दत्तक 'कारा' या केंद्रीय यंत्रणेमार्फतच होतं. ज्याला सापडलं त्याचा हक्क आधी, असं काही नसतं. दुसऱ्या आवृत्तीत शेवटी एक पान यासाठी जोडलंय.

१७. आमची मुलगी दत्तक आहे, वय तेरा. तिला द्यावं का?

आधी तुम्ही वाचा, निदान पाचवं प्रकरण. त्यात वर्गातल्या मुली चिमणीला "सापडलेली" म्हणून चिडवतात आणि मी ते गोड केलेलं नाही. तिला आपली गोष्ट घरात मोकळेपणाने माहीत असेल तर बहुधा अडचण येणार नाही. माहीतच नसेल, तर ती पहिल्यांदा पुस्तकातून कळू नये. दत्तक मुलं वाचून जे लिहितात त्यात प्रश्न ११ जवळजवळ कधीच नसतो. त्यांना विचारायचं असतं की चिमणी पुढे कुणाशी भांडली, अक्काला उलटून बोलली का. बोलली. खूप.

१८. दुसरा भाग येणार का?

लिहितेय. तात्यांच्या तरुणपणाचा आहे, गिरणी चालू असतानाचा. कधी, ते विचारू नका.

१९. बाराव्या प्रकरणातली शेंगाचटणी कशी करायची?

शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा, सालं पाखडून टाका. लसूण, जिरं, मीठ आणि तिखट घालून उखळात कुटा. मिक्सरला एकदम फिरवलं तर कूट होतं, चटणी होत नाही. मिक्सरच वापरायचा तर बटण दाबून सोडत, थांबत थांबत. बोटाला तेल लागलं की झाली. कडक भाकरी आणि वर दही. पलीकडच्या सोलापुरात चटणी पांढरी असते आणि दही लाल, ते घरी जमलं तर मला कळवा.